शेवंतीचा सुटलेला ठोका

११ फेब्रुवारी २०२६, बुधवार

आज शेवंतीचं काळीज थांबलं होतं. मी स्वतःच्या कानानं ऐकलं, म्हणून लिहून ठेवतो. दुसरं कुणी मानायला तयार नाही.

दिवाळीनंतरच्या एका वरातीत कुण्या बेवड्यानं तिच्या पायाशी सुतळी बॉम्ब लावला. घोडी उधळली आणि कुणाच्या तरी शेताच्या काटेरी तारेत मागचा डावा पाय घालून बसली. टाके मीच घातले. सगळे सारख्या अंतरावर, सारख्या ताणाचे. असे टाके परभणीतसुद्धा कुणी घालून दाखवावेत. चामडी जुळली, पंधरा दिवसांनी फुटली. धुतली, जुळली, पुन्हा फुटली. तीन मलमं झाली. शेवटी सुला, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "अवो, मलम बदलून काय उपेग? आता डॉक्टर बदला."

मला झोंबलं. झरीत आणि आसपासच्या खेड्यांत जनावराचा डॉक्टर म्हटलं की लोक माझंच, चंद्रभानचंच नाव घेतात. दहावीला नापास झालो ते झालोच, पण त्यानंतर जे शिकलो ते पुस्तक समोर ठेवून, हात घालून शिकलो. तरी फोन केला. परभणीहून जनावरांच्या डॉक्टर सत्यशीला मॅडम पायाचा एक्सरे काढायचं यंत्र घेऊन आल्या. पस्तिशीच्या आतबाहेर असतील. मला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हणाल्या.

घोडी हलू नये म्हणून त्यांनी मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. बघता बघता मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, कान आडवे झाले. दत्तरावनं दोरी धरली होती. वरातीत शेवंतीला नाचवतो तो हाच. मी माझा स्टेथोस्कोप लावला. एरवी मिनिटाला अडतीस ठोके. आज सव्वीस. आणि तेही सरळ नाहीत. धप्प, धप्प, धप्प, आणि मग काहीच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तो पडल्याचा आवाजच येऊ नये, तसं.

"मॅडम, बंद पडलं!"

"काही बंद नाही पडलं, काका. एक ठोका सुटला. या औषधानं घोड्याचं असंच होतं. रक्ताचा दाब चढतो, म्हणून काळीज आपणहून सावकाश चालतं. पुढचा येतो बघा."

"न्हाई आला तर?"

"आला ना?"

आला होता. पण येईपर्यंत माझ्या हाताला घाम फुटला होता आणि रबरी नळी हातातून निसटत होती. यांना काय, यांची घोडी आहे थोडीच.

एक्सरेत दिसलं की आत मेलेल्या हाडाची एक कपची आहे. ती काढल्याशिवाय जखम मिटणार नाही. काढायची तर घोडीला पुरती भूल देऊन आडवी करावी लागेल. वीस तारीख ठरली.

पुरती भूल. नुसत्या गुंगीत हे, तर पुरत्या भुलीत काय होईल?


१२ फेब्रुवारी, गुरुवार

झोप लागली नाही. सकाळपासून चारदा ठोके मोजले. मी मोबाईलवर मोजत नाही, हातातल्या काट्याच्या घड्याळावर मोजतो. अडतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस. चाळीस भरले तेव्हा सुला घमेलं घेऊन आत आली होती, म्हणून.

दुपारी औषधाची पेटी उघडली. ॲट्रोपीन आहे, तारीख उलटलेली नाही. याच्याच जोरावर माझं नाव झालं. कपाशीवर फवारणी सुरू झाली की दर साली कुणाचा तरी बैल औषधाच्या ड्रमातलं पाणी पितो. लाळ गळते, अंग थरथरतं, काळीज बुडायला लागतं. तिथं ॲट्रोपीन. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि तोंड कोरडं पडलं की समजायचं, औषध लागू पडलं. किती बैल उठवले, त्याची गणती नाही. माणसाच्या दवाखान्यातसुद्धा ठोके फार उतरले तर हेच देतात. वाचलंय मी.

मॅडमना फोन लावला. "ठोके उतरले तर चढवायचं औषध जवळ ठेवता ना?"

"ठेवते, काका. पण घोड्याला ते सहजासहजी देत नाहीत. त्याच्या पोटाला…"

मी म्हणालो, "पोटाचं मागनं बघू मॅडम, आधी काळजाचं बोला."

त्या म्हणाल्या, "काळजाचं माझ्यावर सोडा."

सोडा म्हणे.


१६ फेब्रुवारी, सोमवार

दत्तराव विचारत होता, "डॉक्टर, तुमी कामून वाळायलाव? ऑपरेशन घोडीचं हाय का तुमचं?"

मी म्हणालो, पित्त झालंय.

माळेगावच्या यात्रेतून आणली तेव्हा शेवंतीच्या बरगड्या मोजता येत होत्या. यात्रेतले लोक हसले. एकजण म्हणाला, हिच्यावर नवरदेव बसवू नका, नवरदेवानंच हिला उचलून न्यावं लागंल. तिला दाण्याचा रातिब किती, केव्हा, कोणत्या क्रमानं द्यायचा ते मी ठरवलं. आज या रस्त्याला तिच्यासारखी घोडी नाही. ती गेली तर लोक म्हणतील, चंद्रभानची घोडी चंद्रभानच्या डोळ्यांदेखत गेली आणि त्याला काही करता आलं नाही.

आणि लोकांचं सोडा. सकाळी मी गोठ्यात गेलो की ती माझ्या सदऱ्याचं वरचं बटण ओठानं धरते. रोज तेच, वरचं. उद्या बटण धरायला कुणी नसलं तर काय करायचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. दर साली मिरवणुकीत पुढं शेवंती असते. यंदा पोखर्णीकडून कुणाची तरी पांढरी आणली होती. चांगली होती, पण ताल कळत नव्हता तिला.

ढोल सुरू झाले आणि गोठ्यातली शेवंती जागच्या जागी पाय उचलायला लागली. पुढचे दोन नीट. मागचा डावा उचलला आणि अर्ध्यातच खाली ठेवला. पट्टीतून पाणी आलं. मी पत्र्याचं दार लावून घेतलं, तरी आवाज आत येतच होता. तिच्या मानेला धरून उभा राहिलो.

उद्या भूल आहे म्हणून संध्याकाळनंतर चारा बंद. मॅडमनी सांगितलं ते सगळं तंतोतंत केलंय. फक्त एक इंजेक्शन भरून, टोपण लावून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलंय. द्यावं लागणार नाही. नुसतं जवळ असावं म्हणून.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

शेवंती जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

मॅडमच्या दवाखान्याच्या आवारात निंबाखाली तिला उभी केली. मानेतल्या शिरेत आधीच एक बारीक नळी बसवून ठेवली होती, पुन्हा पुन्हा टोचायला नको म्हणून. मॅडमनी गुंगीचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "आता तिला निवांत उभी राहू द्या. बोलू नका, हात लावू नका. मी हात धुऊन येते." पप्पू कंपाउंडर आत गाद्या अंथरायला गेला. दत्तराव पलीकडच्या बाजूनं तिच्या डोळ्यांवर टॉवेल धरून उभा.

मी स्टेथोस्कोप लावला. चोवीस.

धप्प. धप्प. गप्प. धप्प. धप्प. गप्प.

आत्ता कुठं सुरुवात, आणि दर दोन ठोक्यांना एक सुटायला लागला. दाराकडं बघितलं. मॅडम दिसेनात. एक गप्प इतका लांबला की मी माझाच श्वास धरून बसलो. मग मी खिशातलं काढलं. मानेतली नळी समोरच होती. टोपण काढलं, लावलं, दाबलं. दत्तरावला टॉवेलाआडून काही दिसलं नाही.

बैल उठतात तसेच ठोके उठले. चाळीस. साठ. सत्तरच्या वर. आणि एकही गप्प नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

मॅडम आल्या, त्यांनी कान लावला आणि कपाळाला आठी घातली. "एवढे कसे? दुखतंय का हिला?" पाय चाचपला. आणखी थोडी गुंगी दिली. थांबल्या. मग आत नेऊन भूल दिली आणि शेवंती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, आडवी झाली. जिभेला ठोके मोजायच्या यंत्राचा चिमटा लावला. यंत्र टिक टिक टिक टिक करायला लागलं. मला तो आवाज गोड वाटला.

मॅडमना वाटेना. त्या पापणीला बोट लावत होत्या, पापणी हलत नव्हती. "डोळा म्हणतोय गाढ झोपलीय. काळीज म्हणतंय जागी आहे, दुखतंय. कुणाचं ऐकू?" हे त्या पप्पूला म्हणाल्या. त्यानं भुलीचं औषध थोडं वाढवलं. टिक टिक तशीच. "अजून द्यायचं का, मॅडम?" पप्पूनं विचारलं.

मी कोपऱ्यात उभा. ठोके दुखण्यानं पळत नाहीत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सांगितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? पप्पू काय म्हणाला असता?

मॅडम बराच वेळ शेवंतीच्या डोळ्यात बघत राहिल्या. "थांब. नको देऊ. डोळ्याचं ऐकू."

कपची निघाली. करंगळीच्या नखाएवढी, पिवळी पडलेली. एवढ्याशा तुकड्यानं चार महिने नाचवलं.

पण उठणं! भूल उतरली तरी ती उठेना. पहिल्यांदा पुढचे पाय रोवले आणि कुशीवर आदळली. दुसऱ्यांदा अर्धी उठली, तोंड भिंतीवर आपटलं, ओठातून रक्त आलं. पप्पूनं आणि दत्तरावनं शेपटीला दोर बांधून मागनं तोलून धरलं. दत्तराव तिला वरातीतल्यासारखा "हो बाई, हो राणी, चल" करत होता आणि त्याचा आवाज चिरकत होता. तिसऱ्यांदा उभी राहिली. चारी पाय लटलटत होते.

निघताना मॅडमनी विचारलं, "काका, घरून काही देऊन आणली होती का हिला?"

"घरून काहीच न्हाई, मॅडम. उपाशी आणली, तुमी सांगितलं तशी."

यात एक अक्षर खोटं नाही. घरून दिलं नव्हतं.

बाहेर उन्हात आणल्यावर ती डोळे मिटून घेत होती. बाहुल्या फार मोठ्या दिसत होत्या. ओठ आतून कोरडे. भुलीचा शीण असणार.


२१ फेब्रुवारी, शनिवार

ठोके बावन्न. सलग, भरीव. मी सुटलेला ठोका ऐकायला मुद्दाम बराच वेळ थांबलो, एकही नाही. मॅडम शिकलेल्या आहेत, हात चांगला आहे त्यांचा, पण काल वेळेवर कोण होतं तिथं? कुणाला सांगता येत नाही एवढंच.

सुला म्हणाली, "लीद टाकली न्हाई तिनं."

"उपाशी होती. कुठून टाकंल?"

"काल सांजच्याला हिरवा घास खाल्लाय की. आन् पाण्याला तोंड लावंना."

बायकांना लीद दिसते, काळीज दिसत नाही.

त्याच दिवशी, दुपारनंतर.

ती सारखी मागं वळून स्वतःच्या कुशीकडं बघते. पुढच्या पायानं जमीन उकरते. बसते, उठते. हिंग-ओवा दिला, अर्धा थुंकला. सुलानं मीठ-मिरच्या ओवाळल्या. मिरवणुकीच्या दिवशी दारावरून किती लोक गेले, कुणाची दृष्ट लागायची राहिली असेल?

दत्तरावनं तिच्या कुशीला सरळ कान लावला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. "डॉक्टर, पोट बोलंना."

इतक्या वर्षांत मी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावलाच नव्हता. लावला. घोड्याचं पोट गडगडत असतं, एवढं मलाही माहीत आहे. एका कुशीला लावला, दुसऱ्या कुशीला लावला. काही नाही. रिकाम्या रांजणात कान घालावा तसं.

मॅडमना फोन करायचं धाडस होईना. नंबर काढत होतो, परत ठेवत होतो. शेवटी सुलानं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि तीच बोलली. त्यांनी चारापाणी बंद करायला सांगितलं, दुखण्याची गोळी सांगितली. उद्या पहिल्या उजेडात येते म्हणाल्या.


२३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तसं लिहितो.

काल मॅडम आल्या तेव्हा शेवंती जमिनीवर लोळत होती. अंगाला घाम, त्यावर माती. दत्तराव तिला उठवत होता, ती पुन्हा पडत होती. मॅडमनी कान लावला, हिरड्या बघितल्या, खांद्यापर्यंत हात घालून आतून चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"आतडं फुगलंय. पीळ पडला असेल तर पोट उघडावं लागेल. ते इथं होत नाही, लांब न्यावं लागेल. आणि तीन दिवसांत दुसऱ्यांदा भूल." त्या सुलाकडं बघून बोलत होत्या, माझ्याकडं नाही. "खरं सांगते, त्यातून ती उठेल असं मला वाटत नाही. पण पीळ असेल आणि नेली नाही, तरी जाणारच."

सुलानं पदर तोंडाला लावला. दत्तराव टेम्पो बघायला पळाला.

मॅडम ओट्यावर बसल्या, हात धुतले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एकाच गोष्टीचा मला अर्थ लागत नाही. परवा बाहुल्या एवढ्या मोठ्या का होत्या?"

मी बैलांना हजारदा बघितलंय. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं. मीच लोकांना समजावून सांगतो. आणि लाळ थांबते, तसं पोटाचं चालणंही थांबत असेल, हे कधी मनात आलं नाही, कारण बैल उठला की मी चहा पिऊन घरी यायचो. मागं त्याच्या पोटाचं काय झालं ते बघायला कधी थांबलोच नाही.

टेम्पोचा आवाज गल्लीत आला. दत्तराव तळाला वाळू आणि गवत टाकायला लागला. तिला चढवली की संपलं, एवढंच मला दिसत होतं. आणि बोललो तर मी संपलो, हेही दिसत होतं. तेवढ्यात ती कण्हली. घोडी अशी कण्हते हे मला माहीत नव्हतं.

"मॅडम, जरा इकडं या."

कडब्याच्या गंजीमागं गेलो.

"मी ॲट्रोपीन दिलंय तिला. परवा. तुमी हात धुवायला गेलाव तवा."

"किती?"

सांगितलं.

"शिरेत?"

"शिरेत. तुमच्याच नळीतून."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तुमी घरून दिलं का असं विचारलं होतं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. शाळा सुटल्यापासून माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, ठोके बघून मी अजून भूल वाढवणार होते. पप्पूच्या हातात भरलेली सिरिंज होती." एवढंच म्हणाल्या. मग वळल्या आणि मोठ्यानं हाक दिली, "दत्तराव, गाडी थांबवा. चढवायची नाही!"

पीळ नसावा, त्या औषधानं आतडं झोपलं असावं, असं त्यांचं म्हणणं. जागं व्हायला वेळ द्यायचा. तोवर पोट फुटू द्यायचं नाही आणि तिला लोळू द्यायचं नाही. 'होईल' म्हणाल्या नाहीत, 'होऊ शकतं' म्हणाल्या. नाकातून पोटात नळी घालून वारा काढायचा होता, आणि दुखण्यानं ती उभी राहत नव्हती. म्हणून गुंगी. तेच औषध, थोडं.

"पुन्हा तेच? मॅडम, तिचे ठोके…"

"पडतील. सुटतील पण." त्यांनी माझा स्टेथोस्कोप माझ्या गळ्यातून काढून माझ्याच कानात घातला. "एका हातानं हे धरा. दुसरा हात पाठीमागं. ऐकू येईल ते मोठ्यानं बोला, म्हणजे मला माझं काम करता येईल. बाकी काही करायचं नाही."

इंजेक्शन गेलं. मान खाली आली.

"धप्प," मी म्हणालो. अंगणात सुला, दत्तराव, टेम्पोवाला, गल्लीतली चार माणसं. सगळ्यांदेखत मी लहान पोरासारखा बोलत होतो. "धप्प. धप्प. गप्प."

"असू द्या."

"धप्प. धप्प. गप्प. मॅडम, अजून गप्पच हाय."

"असू द्या, काका."

पाठीमागच्या हातानं मी माझाच सदरा मुठीत धरला होता. प्रत्येक गप्पला वाटायचं, हा शेवटचा. मी काही केलं नाही. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. ठोके येत राहिले. माझ्या मदतीशिवाय.

नळीतून वारा निघाला, हिरवट पाणी निघालं. गोठ्याच्या आढ्याला सलाईनच्या बाटल्या टांगल्या. मग थोडं फिरवायचं, थोडं थांबायचं, कुशीला कान लावायचा. ऊन कलायला लागलं तरी काही नाही. मॅडम डबा न खाता तिथंच बसून होत्या.

मग कुशीला कान लावलेला दत्तराव एकदम सरळ झाला, आणि त्याच क्षणाला तिनं शेपूट उचललं.

"पादली! मॅडम, पादली वो! आयला, काय पादली!"

टेम्पोवाला हसत खाली बसला. सुला पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती, कळलं नाही. मॅडमनी स्वतः कान लावला, दोन्ही बाजूंनी लावला आणि मग सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

आज सकाळी लीद. थोडी, कोरडी, पण लीद.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

पोट सुरू आहे. जखम कोरडी आहे.

पण गावात भलतंच चाललंय. टेम्पोवाल्यानं सगळीकडं सांगितलं, की चंद्रभान डॉक्टरनं नुसत्या कानानं ठोके ओळखून मॅडमला सांगितले, म्हणून घोडी वाचली. मॅडम त्याला इचारून इचारून औषध देत होत्या, असंही म्हणाला म्हणे.

चावडीजवळ दत्तराव हेच सांगत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दत्तराव, ती माझ्या इंजेक्शननं आजारी पडली होती. मॅडमनी वाचवली."

एक म्हातारा म्हणाला, "बगा, याला म्हनायचं मोठं मन. बाईमानसाला मान देयाला छाती लागती." सगळ्यांनी माना हलवल्या. दत्तरावनं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. ते हसले.

तिसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं लिहायचं तर, ऐकायला बरं वाटत होतं.

घरी आलो तर सुला म्हणाली, "काय म्हनत व्हते लोक?" मी म्हणालो, काही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला लागली. मी मॅडमना सांगितलं तेव्हा तीही अंगणातच होती. गंजी काही फार लांब नाही.


१ मार्च, रविवार

मानवतहून माऊली नावाच्या माणसाचा फोन होता. वरातीची घोडी आहे, मानेला गाठ आली आहे, कापून काढायची आहे. टेम्पोवाल्यानं माझा नंबर दिला. "तुमी भुलीतबी ठोका सुटू देत न्हाई म्हनतेत. तुमच्याच हातानं करायचं. निघालोच बगा."

नको म्हणेपर्यंत त्यानं फोन ठेवला. परत लावला, उचलेना, गाडीत असणार.

सकाळभर मला काही सुचलं नाही. औषधाची पेटी उघडली, मिटली. गाठ काढणं काही अवघड नाही, आजवर किती काढल्या. गुंगीचं औषध मिळतं. आता माझे कानही तयार झालेत. असं सगळं मनात आलं, आणि मग ते अंगण आठवलं, पाठीमागं धरलेला हात आठवला, आणि मी चप्पल न घालताच फाट्यावर गेलो.

टेम्पो आला. तांबडी घोडी, तरणी, डोळे नितळ. माऊली उतरून पाया पडायला वाकला. मी त्याला धरून उभा केला.

"इथं न्हाई. परभणीला न्या. सत्यशीला मॅडम. मी फोन करतो."

"अवो डॉक्टर, तिथं कामून? तुमचं नाव ऐकून आलो मी. बाई काय, पोरगी हाय कालची."

"तिकडंच न्या म्हनलं ना."

"तुमाला वेळ न्हाई का? उद्या येतो. परवा येतो."

"वेळ हाय."

"मग अडचन काय?"

रस्त्यावरून एसटी गेली, धूळ उडाली. तांबडीनं मान हलवली. मानेवरची गाठ लिंबाएवढी होती, आणि तिच्या शेजारून शीर उडत होती, एकसारखी, मी न मोजताच कळत होती.

"मला भ्या वाटतं," मी म्हणालो.

हे मी सुलाला म्हणालेलो नाही. दत्तरावला म्हणालेलो नाही. इतक्या दिवसांत फक्त इथं लिहिलंय.

माऊली हसला नाही. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घोडीकडं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "परभणीकडं घे."